न आलेला गाभा

दाताच्या दवाखान्यातला तो दगड पाहून मला आधी आनंद झाला होता. हे आठवले की अजून कान गरम होतात. वॉर्सॉत जानेवारीचा चिखलबर्फ होता. दाराशी ठेवलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बुटांवर चढवून मी काउंटरपाशी उभा होतो, आणि परक्या माणसाला नाव सांगताना नेहमी बसतो तसा माझा आवाज बसला होता. काउंटरवरच्या मुलीने मला नाव पुन्हा विचारले आणि मी मान खाली घातली, तेव्हा तिच्या कागदांवर दाबून ठेवलेली चकती दिसली. बशीएवढी, बोटभर जाड, आरशासारखी घासलेली. हिरवट-राखाडी दगड, त्यातून गेलेले पांढुरके पट्टे. जमिनीत खोल भोक पाडताना पोकळ छिन्नीतून खडकाचा जो सलग दंडगोल वर काढतात, ज्याला आम्ही गाभा म्हणतो, त्याचा तो आडवा काप होता हे कोणत्याही भूवैज्ञानिकाने दारातून ओळखले असते. मी चष्मा शोधतो आहे असे दाखवत खिशातले भिंग काढले आणि वाकलो. पांढुरक्या पट्ट्यात खसखशीच्या दाण्याहून बारीक काळी वर्तुळे होती. रेघा नव्हेत, वर्तुळे, म्हणजे चेपलेली नव्हती. सबंध आयुष्य मी ज्याची वाट पाहिली ते तिथे पावत्यांवर वजन म्हणून ठेवलेले होते, आणि माझ्या छातीत एकदम इतके हलके वाटले की मी त्या मुलीकडे पाहून हसलो. ती बिचारीही हसली. मग मी कडेवर कोरलेली अक्षरे वाचली. वर खाणकामगारांच्या संत बार्बरेच्या सणाचे वर्ष, मध्ये दोन हातोडे, खाली त्या खोल भोकाचे, आमच्या भाषेत विहिरीचे, नाव आणि खोली. विहीर वूल्का झिम्नाची होती. ती खोली मला स्वतःच्या घराच्या क्रमांकासारखी पाठ होती, कारण तिथला गाभा कधी वर आलाच नव्हता.

ग्रॅप्टोलाइट म्हणजे काय हे मी लग्नाच्या पंगतीत, आगगाडीत, सक्तीच्या लष्करी वर्षात, सगळीकडे समजावून पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर हळूहळू साय धरताना पाहिली आहे. शेवटी माझ्या बायकोने, ओतिल्याने, एक वाक्य तयार करून दिले. कोणी विचारले की तीच सांगायची, आमचे हे दगडातल्या पेन्सिलीच्या रेघा वाचतात. ते खरेच आहे. चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी समुद्रात तरंगणाऱ्या जिवांच्या वसाहती मेल्या, तळाच्या काळ्या चिखलात पडल्या, वरच्या भाराने चेपल्या, आणि आज त्या चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा खडक, काळा शेल, पानासारखा उलगडला की आत करवतीच्या पात्यासारखी एक दातेरी रेघ दिसते. रेघेच्या दातांवरून थराचे वय कळते. हे एवढेच मला येते. दोन ओळखीच्या रूपांच्या मधले एक रूप कोणी अखंड पाहिलेले नाही, ते चुनखडीच्या गोळ्यात न चेपता राहिलेले कधीतरी मिळेल, या आशेवर माझे केस गेले. विद्यार्थी येत आणि पहिल्या हिवाळ्यानंतर दुसऱ्या खोलीत, तेलाच्या किंवा तांब्याच्या लोकांकडे जात. राहिली ती एक बोग्ना. सायलेसियातल्या खाणकामगाराची मुलगी, मोठ्या हाताची, मोठ्याने हसणारी. आम्हाला मूल नव्हते. तिने आमच्या स्वयंपाकघरात अभ्यास केला, ओतिल्याकडून पिएरोगीच्या, सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांच्या, कडा दुमडायला शिकली, आणि मला भिंगाखाली काही सापडले की ते आधी तिला दाखवायचे असा न ठरवता पडलेला नियम होता. भिंग हातात देताना मी काही बोलत नसे. ती पाही आणि तिचा श्वास थांबे. त्यावरून मला कळे की मी चुकलेलो नाही. माझी स्वतःवर तेवढी खात्री कधीच नव्हती.

मग एका वसंतात वर्तमानपत्रे लिहू लागली की आपल्या पायाखालच्या काळ्या शेलमध्ये इतका वायू आहे की पूर्वेकडून, रशियातून, येणाऱ्या वायूच्या नळाला आपण कायमची गाठ मारू शकतो. ट्राममध्ये म्हाताऱ्या एकमेकींना विचारत, आता आपणही वायूवर गब्बर नॉर्वे होणार म्हणजे मासेही खावे लागणार का. अमेरिकेत चालले ते इथे चालेल का, खडक किती जाड, किती खोल, किती सलग, तो फोडायला लागणारे पाणी कुठून आणणार, याची आकडेमोड सुरू झाली, आणि थर कुठे सुरू होतो व कुठे संपतो हे सांगायला माझ्या रेघांवाचून इलाज नव्हता. बोग्ना तोवर एका कंपनीत मुख्य भूवैज्ञानिक झाली होती. तिनेच मला वायूचा अंदाज काढणाऱ्या समितीवर आणले. सत्तरी ओलांडल्यावर मला न्यायला मोटार येऊ लागली. ओतिल्या तेव्हा आजारी होती. खिडकीतून मोटार पाहून म्हणायची, बघा, तुमच्या पेन्सिलींना भाव आला. पहिल्या विहिरींपैकी एक वूल्का झिम्नात, म्हणजे तिच्याच माहेरच्या गावात घेतली गेली, हा योगायोग मला शुभ वाटला होता. गावाने मला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बोलावले, जिथे आमच्या लग्नाचे जेवण झाले होते. माझा मेहुणा झेनोबी पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. कोणी विचारले, गॅस निघाला तर आमच्या चुलीला फुकट ना. सगळे हसले. मग मागून एक म्हातारी उठली आणि तिने विचारले, खालून तुमचा गॅस वर येईल, मग माझ्या आडातून काय येईल? मी म्हणालो की मला पाण्यातले कळत नाही, खडकातले कळते, आणि विहिरीचा खडक मी स्वतः पाहतो आहे. जे असेल तेच सांगेन. माझा आवाज बसला होता, पण त्यांनी मान डोलावली. ओतिल्याच्या नवऱ्याला खोटे बोलता येत नाही हे त्या गावाला ठाऊक होते.

गाभा वर येताना कधी कधी खालीच चुरडतो आणि नळी रिकामी वर येते. धंद्यात हे चालतेच, त्यात कोणाचा दोष नसतो. वूल्का झिम्नात काळ्या थराच्या ऐन मध्ये तसे झाले. बोग्ना ते सांगायला कोट न काढताच माझ्या स्वयंपाकघरात आली. म्हणाली, तेवढा तुकडा गेला प्रोफेसर, काहीच आलं नाही. मला हवे असलेले रूप कुठल्या वयाच्या थरात असणार हे तिच्याइतके कोणाला माहीत नव्हते, म्हणून ती माझ्या हातावर हात ठेवून बसली, आणि मीच तिला धीर दिला. तिला चहा केला, त्यात लिंबू टाकले, म्हणालो, पुढच्या विहिरीत येईल. नंतर समितीपुढे प्रश्न आला की न पाहिलेल्या तुकड्यात काय धरायचे. वर काळा आहे, खाली काळा आहे, मध्येही काळाच असणार असे बहुतेकांचे म्हणणे पडले. मी म्हणालो की जे पाहिले नाही ते रिकामे ठेवावे. अध्यक्षांनी प्रेमाने सांगितले की प्रोफेसरांचे म्हणणे तळटीपेत घ्या. काळा धरला की थर सलग होत होता, सलग झाला की शेजारच्या विहिरींना जुळत होता, आणि वायूचा आकडा फुगत होता. तळटीप बारीक अक्षरात होती. माझे नाव ठळक होते.

खुर्चीत तोंड उघडून पडलो असताना डॉक्टर मार्चेव्स्कांनी दगडाचा इतिहास स्वतःहून सांगितला. त्या दात काढताना बोलतात. त्यांचा नवरा वकील. कंपनीने इथला गाशा गुंडाळण्यापूर्वी शेवटची बिअर-मैफल ठोकली तिला तो पाहुणा होता. ते खाणवाले नाही का, काळे गणवेश आणि पिसांच्या टोप्या घालून, दोन लांब टेबलांवर बसून एकमेकांवर गाणी फेकतात. दर वर्षी मातीचा मग मिळतो, घरात मगांचा ढीग झालाय, यंदा म्हणे हा दगड. किती सुंदर पट्टे आहेत ना, प्रोफेसर? मी घशातून आवाज काढला. माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट फिरत होती, आणि ती इतकी साधी होती की डोळ्यांत पाणी आले. डॉक्टरांना वाटले दुखते आहे. काळा शेल घासता येत नाही. करवतीखाली त्याची पाने सुटतात, लावू तितकी लाख लावली तरी कडा झडतात. भेटवस्तू करायची तर कठीण, चुनखडीयुक्त, फिकट दगडच हवा, आणि तो फिकट असतो कारण त्या काळी समुद्राच्या तळाशी प्राणवायू होता आणि त्याने मेलेल्या जिवांतले, ज्याचा पुढे वायू होतो ते, सगळे खाऊन टाकले होते. ज्यात काही उरलेले नाही तोच दगड चमकतो. थराच्या मध्यावर, ऐन जिथे आकडा फुगला तिथे, वायू नसलेला हा वांझ दगड होता, तो अखंड वर आला होता, आणि पाहुण्यांना वाटता येईल इतका आला होता.

बधिर गालाने मी ट्रामने गेलोच नाही, पायी निघालो. चालताना मी बोग्नाची बाजू मांडत होतो, हे लिहायला विचित्र वाटते. माझी स्वतःची बाजू मला कधीच नीट मांडता आली नाही, पण तिची सहज येत होती. कारागिराने खोली चुकीची कोरली असेल. दुसऱ्या विहिरीचा काप असेल. माझे डोळे, मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया झालेली, दुसरी व्हायची. दवाखान्यातल्या त्या दिव्यात हिरवट काय आणि काळे काय. एका पुस्तकांच्या दुकानासमोर मी थांबलो आणि काचेत दिसलेला, एका बाजूने सुजलेला म्हातारा मला म्हणाला की तू आयुष्यभर न चेपलेले वर्तुळ शोधतोस म्हणून तुला पावतीखालच्या दगडात वर्तुळे दिसली. आणि तरी मन त्या न आलेल्या तुकड्याकडे जात होते, जशी दात काढल्यावर जीभ रिकाम्या जागी जात राहते. फुगलेल्या त्या आकड्यावर मोठमोठ्या माणसांनी भाषणे केली होती. दोन वर्षांत आकडा हळूहळू खाली आला, खडक फोडूनही वायू धापा टाकल्यासारखा आला आणि थांबला, कंपन्या एकेक करून उठल्या. वूल्का झिम्नाच्या शेतात खडीचा एक मोठा चौकोन राहिला. म्हातारीच्या आडाचे पाणी गढूळ झाले. कशाने ते कोणी सिद्ध केले नाही, मलाही ठाऊक नाही. झेनोबीने फोनवर शांतपणे विचारले, "दाजी, तुम्ही तो दगड पाहिला होता ना?" मी हो म्हणालो होतो. वर आला तेवढा मी पाहिलाच होता, असे मला तेव्हा वाटत होते. त्यानंतरच्या सर्वपितरांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, मी ओतिल्याच्या थडग्यावर दिवा लावायला गेलो तेव्हा कोणी अपशब्द बोलले नाही. फक्त शेजारच्या थडग्यांपाशी उभ्या असलेल्या बायका मी आल्यावर बोलायच्या थांबल्या, आणि मी निघेपर्यंत बोलल्या नाहीत. गेल्या नोव्हेंबरात मी गेलोच नाही. सर्दीचे निमित्त सांगितले, भिंतींना.

बोग्नाला फोन केला तेव्हा ती नेहमीसारखीच खूश झाली. रविवारी जेवायला या म्हणाली, बदक करते. मी गेलो. तिच्या स्वयंपाकघरात ओतिल्याचा पीठ मळायचा लाकडी पाट आहे. आजारात ओतिल्यानेच दिलेला. बदकाबरोबर सफरचंदे होती, मी एका बाजूने चावत होतो आणि ती सांगत होती की भूवैज्ञानिक संस्थेच्या संचालकपदासाठी तिचे नाव पुढे आहे, वसंतात ठरेल, आणि ठरले की माझ्या ग्रॅप्टोलाइटांसाठी एक खोली, खरी खोली, उजेड असलेली. ती मनापासून बोलत होती. मला एकदाही वाटले नाही की ती नाटक करते आहे, आणि याचीच मला भीती वाटू लागली. मी काटा खाली ठेवला. मला भांडता येत नाही. मी फक्त म्हणालो की मार्चेव्स्का बाईंच्या काउंटरवर एक चकती आहे, आणि तिच्यावर कोरलेली विहिरीची खोली सांगितली.

तिने सफरचंद चमच्याने दाबले. मग हसली, म्हणजे नुसता श्वास सोडला. तिने सांगितले की चकत्या तिनेच करून घेतल्या. कंपनी निघाली होती, पेट्या पडून होत्या, कुणाला काही सुंदर द्यावे असे वाटले. कारागिराने विचारले, खाली काय कोरू. "माझ्या तोंडून खोलीच निघाली. तुम्हीच लावलेली सवय. खोली नसली तर दगड नुसता रस्त्यावरचा." तिला ते त्या दिवशी खटकलेही नव्हते. त्या मैफलीत चारशे माणसे होती, सगळी धंद्यातली, आणि एकालाही तो खोलीचा आकडा कळला नव्हता.

मी विचारले, वरच्या लोकांनी तिला तसे करायला सांगितले होते का. हे विचारताना मी हो या उत्तरासाठी अक्षरशः प्रार्थना करत होतो. तिने मान हलवली. कोणी सांगितले नव्हते. तो तुकडा पहाटे वर आला तेव्हा जागेवर रात्रपाळीने पेंगलेल्यांत ती एकटी शुद्धीत होती. तिने पाहिले, पेटीत घातला आणि बाकीच्यांना सांगितले की नळीत गाळ आला. पुढची विहीर चांगली लागेल आणि हे सगळे विसरले जाईल अशी तिची खात्री होती. एक वाईट तुकडा दिसला असता तर पैसेवाले त्याच आठवड्यात उठले असते. मग कसली विहीर, कसला गाभा, तुमचा ग्रॅप्टोलाइट तरी कोणी विचारला असता?

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हणालो. "समितीला नाही. मला."

"तुम्हाला?" तिला खरेच आश्चर्य वाटले. "प्रोफेसर, बाकी सगळ्यांना मी सांगितलं असतं तरी चाललं असतं. कोणी गप्प बसलं असतं, कोणी काही मागितलं असतं. तुम्ही एकटेच लिहून मोकळे झाले असता. तुमच्यापासूनच तर लपवायचं होतं."

ती चिडलेली नव्हती, कोडगीही नव्हती. तिच्या लेखी हे माझे कौतुक होते. माझ्याकडे जी एक गोष्ट आहे असे मला अधूनमधून वाटत असे, पुस्तकांच्या ढिगाआड, बसलेल्या आवाजाआड, तीच तिने अचूक मोजली होती आणि तिच्याभोवती कुंपण घातले होते. आणि कुंपणाआडच्या त्या माणसाचे नाव मात्र अहवालावर ठळक छापू दिले होते. मला आठवले की त्या दिवशी कोट न काढता ती माझ्या हातावर हात ठेवून बसली होती, आणि मी लिंबू कापत होतो. तो हात खोटा होता का? मला अजून ठरवता येत नाही. खोटा असता तर बरे झाले असते.

ती म्हणाली की त्यात चुनखडीचे गोळे आहेत, निम्म्याहून जास्त तुकडा अजून पेट्यांत आहे. तुम्हाला हवं ते रूप तिथे असू शकतं. फक्त वसंतापर्यंत थांबा. हे तिने विनवणीच्या सुरात म्हटले नाही, थाळीत अजून बदक घेणार का असे विचारावे तसे म्हटले. मी काय करणार आहे हे मला त्या टेबलावरच कळले होते. मी लिहिणार होतो. कोणाला, कुठल्या शब्दांत, ते घरी गेल्यावर सुचले असते. पण त्या खोलीवर काळा खडक नाही हे माझ्या सहीने, या वेळी तळटीपेबाहेर. झेनोबीलाही. तिला मात्र एवढेच म्हणालो की मला तो गाभा पाहायचा आहे. तिने त्याचा अर्थ हो असा घेतला. तो मी घेऊ दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला गाडीने शहराबाहेरच्या गोदामात नेले. पत्र्याचे छप्पर, आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी, लाकडी पेट्यांच्या भिंतीच भिंती. तिने स्वतः पेटी ओढून काढली, दिवा लावला, माझ्या पायांखाली पुठ्ठा टाकला. मग मागे जाऊन उभी राहिली, जशी विद्यार्थिनी असताना उभी राहायची, मानेमागे श्वास ऐकू येईल इतकी जवळ. हिरवट दगडात करवतीच्या ताज्या खुणा होत्या. चकत्या जिथून काढल्या तिथे लाकडाचे ठोकळे बसवले होते, आणि प्रत्येकावर तिच्या नीट अक्षरात खोली. मी मुठीएवढा एक गोळा उचलला, त्याची शिवण अंगठ्याने चाचपली, छोट्या हातोड्याने दोन टिचक्या मारल्या. तो सफरचंदासारखा उघडला. भिंग लावण्याआधीच दिसले. काळे, तुकतुकीत, फुगीर, जणू काल पाण्यातून काढले आहे. पहिला कप्पा, त्यातून वळून निघालेला दुसरा, त्या वळणावरचा तो काटा, जो असायलाच हवा असे मी तरुणपणी लिहिले होते आणि ज्यावर परदेशातल्या दोघांनी हसून घेतले होते. तो होता. मी चुकलेलो नव्हतो. आणि आनंद आला, संतापाला न विचारता, अपमानाला न विचारता, विशीतल्यासारखाच. माझा उजवा हात आपोआप मागे वळू लागला, भिंग तिच्या हातात द्यायला.

"सापडलं?" बोग्नाने विचारले. तिचा श्वास थांबला होता.

मी दोन्ही अर्धुके एकमेकांवर बसवली. ती इतकी नेमकी बसली की शिवण दिसेना. गोळा पेटीत त्याच्या जागी ठेवला आणि जागा डोळ्यांत भरून घेतली.

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज अजिबात बसला नाही. "सगळं चेपलेलं आहे."

तिने गोळ्याकडे पाहिलेही नाही. माझ्याकडे पाहिले, आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, असू दे प्रोफेसर, तुमच्यासाठी तरी काही निघायला हवं होतं. मला उचलू न देता तिने पेटी स्वतः आत सरकवली, दिवा मालवला, मफलर माझ्या गळ्याभोवती नीट केला. बाहेर आवारात बर्फाचा कडक पापुद्रा धरला होता. माझा पाय घसरेल म्हणून तिने माझा दंड धरला, आणि गाडीपर्यंत मी तो धरू दिला.